गोडं पाणी

सर्जेकोटच्या बंदरात मी ट्रॉलरांवर नंबर रंगवतो.
नावंही. 'जलदेवी', 'माऊलीकृपा', एकदा 'टायसन'.
अक्षराला पस्तीस रुपये, मोर काढायचा तर वेगळे.
तेलरंगांची पेटी बारा वर्षं माळ्यावर पडून होती,
ट्यूबांची टोपणं पकडीनं फिरवावी लागली,
कारण अनसूया मेथर दारात आली,
सुकटीची पाटी उतरवली, मोबाइल पुढे केला:
"ह्या काढून दी. मोठा. भिंतभर."

फोटोत एक तळं. परदेशातलं.
नाव तिला सांगता येईना, मला वाचता येईना.
तळ्यावर पांढरी यॉट, तीन मजली,
इस्त्री करून पाण्यावर ठेवल्यासारखी.
"माझो लवू हिकाच धुता."

म्हटलं, कणकवलीत फ्लेक्स मारून घे, स्वस्तात होईल.
"फ्लेक्स वाढदिवसाक लावतत. ह्या ऱ्हवाक व्हया."

पांढऱ्यात पांढरं फारच थोडं असतं.
राखाडी गेलं, जांभळं गेलं, चिमूटभर पिवळी माती,
तेव्हा कुठे तो पत्रा चकाकला.
आमच्या होडीला कुठेतरी खोक असते, ठिगळ असतं,
टायर लोंबत असतो.
हिला काहीच नाही. हात कुठे टेकवावा कळेना.

आणि पाणी.
सवयीनं मी बुडाशी हातभर हिरवा पट्टा ओढला,
शेवाळ, त्यावर शंखांची खरूज,
धक्क्याच्या खांबांवरही ओहोटीची खूण.
मग आठवलं, तळं आहे हे.
टर्पेंटाइननं सगळं पुसलं.
दिवसातून दोनदा कुठेही न जाणारं पाणी
मी जन्मात रंगवलं नव्हतं.
भाद्रपदात जवसाचं तेल सुकतही नाही.
अकरा दिवस टेबलफॅन तळ्याकडे तोंड करून फिरला,
लाट काही उठली नाही.

फोटो दोन बोटांनी ताणून ताणून बघायचो.
मधल्या मजल्याच्या काळ्या काचेत
एका रात्री माणूस सापडला.
नारिंगी जॅकेट, पायाशी बालदी,
तोंडावर मोबाइल धरलेला, म्हणजे तोंड नाहीच.
दोन नंबरचा ब्रश. चार फटकारे.
बालदीला पाचवा.
कुणाला सांगितलं नाही.

सोमवारच्या बाजाराहून ती यायची,
जवळ्याच्या वासाच्या पन्नासच्या नोटा मोजून द्यायची,
पंख्याच्या वाऱ्यात स्टुलावर बसायची.
पहिल्यांदा तिनं दोर पाहिला.
धक्क्याच्या खुंट्याला मारलेला, मी उरकून टाकलेला.
"गाठ बापाशीची," म्हणाली. "तेणाच शिकवलेली."
मी पुन्हा फोटो पाहिला.
दोर दिसतो, गाठ दिसत नाही.
पण तसंच असेल.

शेवटच्या सोमवारी ती चित्राच्या अगदी जवळ गेली.
"पाणी थंड आसतला."
हे मला विचारलेलं नव्हतं.
आणि अंगठा टेकवला,
नाळेच्या थोडं पुढे, ओल्या निळ्यावर,
तान्ह्याची न्हाणी बघावी तसा.

दचकून हात मागे घेतला, पदराला पुसला.
पदरावर तळ्याचा एक फराटा.
अख्ख्या पाण्यावर आता एकच जागा हलत होती,
गोल गोल रेषा, एकीत एक,
सुकटीचा बारीक वास.
मी सुरी उचलली, सपाट करून टाकावं म्हणून.
पंखा फिरत होता.
सुरी खाली ठेवली.

काचेतल्या माणसाबद्दल ती काहीच बोलली नाही.
मीही नाही.
उरलेले पैसे शिमग्याला देईन म्हणाली,
चुंबळ नीट केली, पाटी डोक्यावर चढवली,
उंबऱ्यापाशी मान न वळवता, आख्खीच वळली:
"बालदी जड दिसता रे तेची."